मुठीतलं नाक

फळी वाकते म्हटलं की बाबांचं डोकं फिरायचं. साहजिकच आहे हो! उभा जन्म ताठ फळ्या बनवण्यात गेलेला माणूस. त्याच्यापुढे वाकणारी फळी आणून ठेवली तर तो काय टाळ्या वाजवणार? आणि ती आणून ठेवणारी कुणी परकी नव्हे, पोटची धाकटी लेक.

फळी म्हणजे पायपो. पोटावर पालथं पडून लाटेवरून सुळकन काठाला यायचं, त्यासाठीची बुटकी फळी. छातीपासून मांडीपर्यंत पुरली की झालं, उभं राहायची भानगडच नाही. किनाऱ्यामागच्या गल्लीत बाबांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं, खोल्या दोनच, आणि दोन्हींत लाकडाचा भुसा. थोरली लेक लग्न होऊन लांब गेली, धाकटी भुशात राहिली. हात बाबांचा, तोंडही बाबांचंच. त्यामुळे दोघं बोलायला लागले की आई रेडिओ मोठा करायची.

कारखान्याची एक परीक्षा होती. तयार फळी दोन स्टुलांवर आडवी टाकायची आणि बाबांनी मधोमध बसायचं. करकरली तर नापास. वाकली तर नापास.

धाकटीने नवी फळी पातळ प्लायच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून केली होती. मागे जाड, पुढे पातळ, कडांना रबर. याआधीची एक मोडली होती, एक ओल्या पुठ्ठ्यासारखी लोळली होती. ही मात्र जमलीय, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. तिने ती स्टुलांवर ठेवली. बाबा बसले. फळी हूं की चूं न करता वाकत गेली, वाकत गेली, स्टुलांमधून खाली घसरली आणि बाबांना घेऊन अलगद जमिनीला टेकली.

आई चहा घेऊन दारात आली होती. "एवढ्यासाठी स्टुलं कशाला लावलीत? सांगितलं असतं तर चटई अंथरली असती," ती म्हणाली.

धाकटी फिसकन हसली. बाबा हसले नाहीत. त्यांना उठता येईना. एका बाजूने आई, दुसऱ्या बाजूने लेक, असं धरून उठवावं लागलं.

खरं दुखणं ते होतं. ताठ फळी पाण्यावर आपटते आणि प्रत्येक आपटी थेट पाठीच्या कण्यात जाते. एवढ्या वर्षांच्या आपट्या खाऊन बाबांची कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, पाणी चालेल, आपटणं चालणार नाही. बाबा म्हणाले, आपटल्याशिवाय कसलं पाणी? त्या दिवसापासून त्यांनी समुद्राचं तोंड पाहिलं नाही. कारखान्याची एक खिडकी समुद्राकडे उघडायची, तिच्यापुढे त्यांनी फळ्यांची थप्पी लावून टाकली. धाकटीला ती थप्पी दिवसरात्र डोळ्यांत खुपायची. वाकणाऱ्या फळीचा सगळा खटाटोप त्या खिडकीसाठीच होता. बाबांना पुन्हा लाटेवर पालथं पडलेलं पाहायचं होतं तिला, दुसरं काही नाही.

"उद्या सकाळी पाण्यात घाल," बाबा कंबर चोळत म्हणाले. "मी बघायला येतो. मोडली किंवा तुला पाडलं, तर या घरात वाकणाऱ्या फळीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल. आणि चालली तर तिच्यावर तुम्ही झोपायचं."

"चालली तर ना!"

"चालेल हो. कबूल म्हणा."

"कबूल, कबूल!"

सकाळी लाटा झकास होत्या, छातीएवढ्या, एकामागून एक शिस्तीत येणाऱ्या. बाबा वाळूत हाताची घडी घालून उभे राहिले, शेजारी आई मोठी पिशवी घेऊन. धाकटी पायांत फ्लिपर, म्हणजे पोहायचे रबरी पंजे, चढवून आत गेली.

पहिली लाट आली. धाकटीने पाय मारले, फळीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, दोन्ही मुठींत घट्ट धरलं आणि वर ओढलं. फळी चमच्यासारखी वाकली आणि जागच्या जागी थबकली. लाट खालून निघून गेली.

"नाक! अगं नाक धर!" बाबा काठावरून ओरडले.

दुसऱ्या लाटेला तिने आणखी घट्ट धरलं. या वेळी फळी थबकली ती थबकली, वर आडवी फिरली आणि धाकटी डोक्यावरून पाण्यात. नाकातोंडात खारं पाणी.

"पाडलं. झालं समाधान?" बाबा म्हणाले खरे, पण आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. तो असता तर आईने त्यांना तिथेच सुनावलं असतं.

"अजून एक!" धाकटी पाण्यातून ओरडली.

"ठरलं होतं काय आपलं?"

"ठरलेलं गेलं खड्ड्यात. अजून एक," आई म्हणाली.

धाकटी तरंगत राहिली. संताप संताप झाला होता. फळी चुकलेली नाही, हे ती पैजेवर सांगायला तयार होती. मग चुकतंय काय? तिचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. फळीवर नुसती तरंगत असतानाही मुठी नाकावर आवळलेल्या, बोटं पांढरीफटक.

या घरातला पहिला धडाच तो. जगात कुणाला नमवलं की म्हणतात, नाक मुठीत धरून आला. इथे पोर पाण्यात उतरलं की बाबा सांगायचे, "नाक मुठीत धर!" ताठ फळीचं नाक बुडालं की ती माणसाला भिरकावते, म्हणून ते वर ओढून धरायचं. पण ही फळी आपलं नाक आपणच उचलते! पुढचा भाग पातळ ठेवलाय तो त्यासाठीच. ठेवलाय कुणी? हिनेच! आणि स्वतःच्या फळीवर ही बया बाबांची फळी समजून पडली होती. धाकटी पाण्यात एकटीच खो खो हसली.

"अगं येडे, सोड की नाक!" तिने स्वतःलाच झापलं.

तिसरी लाट आली. धाकटीने एक तळहात पुढच्या कोपऱ्यावर नुसता टेकवला, दुसरा हात पाण्यात सोडला. फळीने आपणहून नाक उचललं. लाटेला जिथे उंचवटा होता तिथे फळी वाकली, उंचवटा गिळला आणि पुढे गेली. बरगड्यांना धक्का म्हणून नाही. धाकटीने कोपरा दाबला, फळीला पीळ बसला आणि ती लाटेच्या अंगावरून आडवी, लांबच्या लांब पळत सुटली. थांबली ती बाबांच्या पायांपाशी.

बाबांनी फळी उचलली, गुडघ्यावर वाकवून पाहिली, कडेवरून नख फिरवलं. कुठे चीर नाही.

"नाक सोडलंस," ते म्हणाले.

"सोडलं."

"आवाज आला नाही. आपटल्याचा. मी कान देऊन होतो." त्यांनी फळी लेकीच्या हातात दिली. मग लगेच म्हणाले, "बघू पुढे कधीतरी. आज कपडे नाहीत आणलेले."

आईने पिशवीत हात घातला आणि त्यांची जुनी पोहायची चड्डी बाहेर काढली.

"ही कधी घेतलीस?"

"काल रात्रीच. स्टुलावर बसताना कण्हता तुम्ही, खुर्चीवर बसताना कण्हता. काल त्या फळीने थेट जमिनीवर बसवलं, तोंडातून हूं नाही. मला तेव्हाच कळलं. निघा आता."

धाकटीने बाबांना काठाजवळच्या लहान लाटांत नेलं. ते फळीवर पालथे पडले आणि पडल्या पडल्या दोन्ही मुठी नाकावर.

"बाबा, नाक सोडा."

"तुझ्या आजोबांनी शिकवलंय मला ते."

"ठाऊक आहे. सोडा."

"आणि पडलो तर?"

"पाण्यातच पडाल ना! मी आहे की."

बाबांनी एक मूठ उघडली. मागून लाट आली तशी दुसरीही उघडली. लाटेने त्यांना उचललं, फळी वाकली, सरळ झाली आणि बाबा सरसर काठाकडे गेले. वाळूला टेकले आणि तसेच पालथे पडून राहिले. हालेनात.

 धाकटी पाणी उडवत धावली, आई साडीचा ओचा धरून धावली.

"बाबा! कंबर? दुखतंय का?"

बाबांनी मान वळवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते समुद्राचं नव्हतं.

"नाही गं दुखत," ते म्हणाले. "अजिबात दुखत नाही. हात नको देऊस, मला पुन्हा आत जायचंय. आणि घरी गेल्यावर आधी त्या खिडकीपुढची थप्पी हलव. लाटा कशा आहेत ते बघायला रोज इथवर कोण येणार?"