कुशीवर

पडद्यावरचा लेझरचा लाल ठिपका भिरभिरत होता... फिरवत होती खरं तर अमिताच, पण तिला वाटत राहिलं की ठिपकाच भ्याला आहे, यकृताच्या चित्रावर टेकायला जागा शोधतो आहे. सभागृह भरलेलं, हजेरी सक्तीची. मागच्या रांगांत हशा, आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले प्राचार्य.

हिंदी मुलखातल्या या शहरात, मेडिकल कॉलेजात ती सामाजिक आरोग्य शिकवायची. एका रोग्याचं नव्हे, अख्ख्या वस्तीचं दुखणं बघायचं असतं, हे ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. उन्हाळ्यात या दुसऱ्या कॉलेजच्या याच प्राचार्यांकडे, सिविल लाइंसमधल्या बंगल्यावर, ती गेली होती. काय मागितलं होतं मी? – पिऊन बेशुद्ध पडलेल्याला कुशीवर कसं वळवायचं ते मुलांना दाखवू द्या, आणि मित्रासाठी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावणाऱ्याला होस्टेलमधून काढू नका. त्यांनी चहा पुढे सरकवला होता. "मॅडम, आप तो पीना सिखाएँगी! हमारे बच्चे पीते ही नहीं।"

पीते ही नहीं... आणि दिवाळीच्या तोंडावर योगेश गेला. जवळच्या पनागरचा पोरगा, इथल्याच होस्टेलमधला, दुसऱ्या वर्षाचा. वाढदिवसाची पार्टी, खोलीतच. तो आडवा झाल्यावर मित्रांनी, काढून टाकतील या धास्तीने, दाराला कडी घातली आणि त्याला मायेने, उशी देऊन, उताणं निजवलं. उलटी श्वासनलिकेत गेली. मग हे बोलावणं – जागृतीसाठी; फक्त यकृतावर बोला, अशी अट घालून.

तिने ठिपका विझवला. "कोई एक ऊपर आइए." कोणी हललं नाही. तेव्हा पदर खोचून ती स्वतःच मंचावर उताणी झोपली. "मैं बेहोश हूँ. मुझे करवट पर लिटाइए." हशा फुटला, मोबाइल वर झाले. छताचा पंखा बघत ती पडून राहिली – पन्नाशीची बाई, साडीत, फळ्यांवर – आणि हसणं अंगावरून जाऊ देत राहिली...

पावलं वाजली. एक हडकुळा मुलगा गुडघे टेकून बसला. ती सांगत गेली तसं त्याने तिचा गुडघा दुमडला, खांद्याला धरून तिला कुशीवर वळवलं. त्याचे हात गार होते.

"अब मुँह ज़रा नीचे. उल्टी बाहर निकल जाती है."

"मॅडम," ती मराठी आहे हे आडनावावरून ओळखलं असावं, तो मराठीत कुजबुजला, "मी आल्हाद. योगेशचा रूममेट." मग थांबून, "एवढंच होतं?"

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"तो घोरून राहिला होता, मॅडम. मी बाजूलेच बसून होतो. वाटलं, चलो, झोपला... काहून नाही सांगितलं आम्हाला कोणी?"

प्राचार्य उठून माइक मागत होते. आल्हादचा हात तिच्या खांद्यावरच होता; सोडला तर काही होईल, अशा भीतीने धरलेला. जे सांगायला मिळावं म्हणून ती झगडली होती, ते या पोराला आत्ता कळलं होतं, आणि आता त्याला ते आयुष्यभर माहीत असणार होतं. काही उपयोग झाला नसता बाळा, असं म्हणावं? खोटं. आणि खरं... खऱ्याची तिला आज पहिल्यांदा भीती वाटली. उठायला हवं होतं. ती तशीच कुशीवर पडून राहिली, डोळे मिटून, जणू खरोखरच शुद्ध हरपली आहे.