तक्त्यातला एकचा आकडा

चार-चार हजार माणसांच्या कंपन्यांत जाऊन कामाचा ताण मोजणं हा तिचा धंदा. शनिवारी मात्र ती हेच काम छोट्या संस्थांसाठी फुकटात करायची. नवरा म्हणायचा, "निघाली लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!" ती हसायची, जायची.

या वेळी रुग्णवाहिकांच्या फोनकक्षाचा नंबर होता. तिची वहिनी अठरा वर्षं तिथेच फोन घेत होती. माणसं अवघी नऊ, आणि एकजण संगणकावरचा फॉर्म भरायला तयार होईना. शेवटी वहिनीनेच दटावलं, "भरा की! आमच्या डॉक्टर नणंदबाईंनी शब्द दिलाय, कुणाचं नाव कुणाला कळणार नाही." आणि सगळ्यांच्या आधी स्वतः बसली.

कुणी काय लिहिलं हे तिलाही दिसणार नव्हतं. एक उत्तर मात्र तिने दोनदा वाचलं. 'गाडी पोहोचण्याआधीच पोहोचल्याची वेळ टाका, असं साहेब सांगतात. मागच्या महिन्यात वाट पाहता पाहता एक बाळ गेलं. मला झोप येत नाही.' हे वर कळायलाच हवं, म्हणून तिने अहवाल थेट मुख्य कार्यालयात धाडला. मागे नेहमीचा तक्ता जोडला: कुठलं उत्तर कुठल्या पाळीतलं, बाई की पुरुष, नोकरी किती वर्षं.

सोमवारी सकाळी फोनकक्षाच्या साहेबांचाच फोन आला. तोंडात नुसती साखर.

"अहवाल वरून माझ्याकडेच पाठवला त्यांनी. तक्ता फार सुरेख केलात हो. सकाळची पाळी, बाई, अठरा वर्षं नोकरी. पुढे आकडा, एक. आभारी आहे."

चार हजारांत अशा एका चौकटीत तीनशे माणसं बसतात. नऊ जणांत बसते ती एकच. ही साधी गोष्ट जगाला शिकवणाऱ्या बाईला सुचू नये! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिने लगेच वहिनीला फोन लावला.

"अगं, तुलाच करणार होते!" वहिनीचा आवाज खुशीत होता. "साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय. एरवी ढुंकून बघत नाही मेला. तुझ्या अहवालाचा गुण आला बघ."

"वहिनी, आत जाऊ नकोस."

"आतच आहे गं, ते येतायत मागून." मग फोन जरा लांब गेला. "हो साहेब, तिचाच फोन आहे. काय? दार लावून घेऊ?"