मागच्या खोलीपर्यंत रेंज

धाकट्या सुनेचं काम मोठं नाजूक. पक्षाघाताच्या झटक्याने ज्यांची वाचा गेली, अशा माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवायची, तेही मागच्या खोलीत बसून, लॅपटॉपवरून. आणि मागच्या खोलीत रेंज म्हणजे आली तर आली! राउटर पुढे हॉलमध्ये, मध्ये दोन जाड भिंती. खोल्याखोल्यांत अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे रेंज पुढे नेणारे डबे लावा, वायरने राउटरला जोडा, असं सांगून तिची जीभ झिजली. शेवटी सासऱ्यांनी मोठ्या मनाने तीन डबे आणले आणि तिन्ही हॉलमधल्या शोकेसवर ओळीने मांडले. भिंतींना नुकताच रंग दिला होता. भोक पाडायचं नाही, असा हुकूम सुटला.

"तीन-तीन आणले, आता आणखी काय हवं?"

"बाबा, हॉलमध्ये तीन दिवे लावले म्हणून मागची खोली उजळते का?"

"तोंड चालवायला बरं जमतं!"

"जरा दमानं घे गं," नवरा म्हणाला. दमाने घेण्यापलीकडे त्याला आयुष्यात काही जमलंच नव्हतं.

मंगळवारी नको ते झालं. तिचे एक पेशंट होते, कंडक्टरकाका. जन्मभर बसमध्ये ओरडलेला माणूस, पण झटक्यापासून त्यांच्या तोंडून धड एक शब्द फुटला नव्हता. त्या दिवशी त्यांनी जीव एकवटला, बायकोकडे पाहिलं, ओठ उघडले आणि नेमकं चित्र गोठलं. रेंज आली तेव्हा काकू रडत होत्या.

"मॅडम, नाव घेतलं त्यांनी माझं! ऐकलंत ना?"

तिने ऐकलं नव्हतं. आणि काकांना इतका वेळ समोर दिसत होता तिचा थिजलेला, मख्ख चेहरा. आपण बोललो ते मॅडमना कळलंच नाही, म्हणजे आपण नुसतंच काहीतरी बरळलो, असं त्यांच्या मनाने घेतलं. तिने किती विनवलं, पण त्यांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच.

"आता नको म्हणतात हो," दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "मान हलवतात नुसती."

आत्ता सोडलं तर हा माणूस कायमचा मुका होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. तिने माळ्यावरचं ड्रिल काढलं आणि हॉलच्या त्या गुळगुळीत भिंतीला सरळ लावलं.

"अगं! अगं, रंग!" सासरे ओरडले.

"गेला खड्ड्यात तुमचा रंग!"

या घरात ती असं कधी बोलली नव्हती. सासरे सोफ्यावर बसले ते बसलेच. तिने वायर ओढली, एक डबा मधल्या बोळात ठोकला, एक मागच्या खोलीत. केसांत सिमेंटची पूड तशीच ठेवून तिने काकूंना फोन लावला. "फक्त समोर बसवा त्यांना. बोलायचं नाही, ऐकायचं."

काका स्क्रीनवर आले. डोळे जमिनीकडे.

"काका, काल तुम्ही नीट बोललात. मला ऐकू आलं नाही, कारण आमच्या घरातल्या एका माणसाला तुमच्या बोलण्यापेक्षा भिंत प्यारी होती. दोष त्याचा. तुमचा नाही."

काकांनी मान वर केली. बराच वेळ त्यांचा जबडा नुसता हलत राहिला. ती मान डोलावत राहिली.

"को... कोण?"

तिने लॅपटॉप उचलला. खोलीतून बोळात, बोळातून हॉलमध्ये. चित्र कुठे अडकलं नाही. तिने स्क्रीन सोफ्याकडे वळवली.

"हे. माझे सासरे."

सासरे अंग चोरून बसले. काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, छाती भरून श्वास घेतला.

"गा... गाढव!"

अक्षर न् अक्षर स्वच्छ. पलीकडे काकूंनी तोंडाला पदर लावला. नवरा खोकला. सासऱ्यांचा चेहरा लालभडक.

"छान," ती म्हणाली. लॅपटॉप तिने तसाच धरून ठेवला होता. "पुन्हा म्हणा, काका."