चिमाजीरावांचा सराव आराखडा

चिमाजीराव निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. महाळुंग्याच्या एका गिअर कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी सांभाळलेला माणूस. त्यांच्या नजरेखालून एकदाही परत न जाता पुढे गेलेला गिअर भाग्यवान, असं शॉपफ्लोअरवर म्हणत. घरी आल्यावर नापास करायला काही उरलं नाही, म्हणून पहिले चार महिने त्यांनी बायकोच्या पोळ्या तपासल्या. जाडी सगळीकडे सारखी येत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. कुसुमताईंनी ते निमूट ऐकून घेतलं आणि पाचव्या महिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यात गाठून सांगितलं, “भाऊ, यांना कशात तरी घाला.”

त्याच सुमारास ताथवड्यातल्या त्यांच्या सोसायटीत टेनिस कोर्टावर निळा रंग मारून पिकलबॉलच्या रेषा आखल्या गेल्या. टेनिस कोणी खेळत नव्हतंच. तिथे पापड वाळायचे. नवा खेळ साधा होता. बॅडमिंटनएवढं कोर्ट, कमरेएवढी जाळी, हातात टेबल टेनिसच्या बॅटीची थोरली बहीण शोभेल असं पॅडल, आणि भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू. “अर्ध्या तासात कोणालाही जमतं, काका,” सेक्रेटरी म्हणाला.

चिमाजीरावांना हे वाक्य लागलं. अर्ध्या तासात जमतं म्हणजे या खेळात प्रोसेस नाही. आणि प्रोसेस नसेल तर ती घालायला आपल्याशिवाय आहे कोण?

सहा आठवड्यांनी महाळुंग्याच्या रस्त्याला, एका रिकाम्या गोदामात नव्यानं झालेल्या कोर्टांवर पन्नाशीपार गटाची दुहेरी स्पर्धा होती. चिमाजीरावांनी जोडीदार म्हणून अजीजभाईंना धरलं. अजीजभाई शेजारच्या विंगमध्ये राहायचे. भोसरीत त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं आणि वीस वर्षं ते चिमाजीरावांच्या कंपनीला पार्ट पुरवत आले होते. वीस वर्षं चिमाजीरावांनी त्यांचा माल परत पाठवला, त्यातूनच दोघांची मैत्री झाली. माणूस निवृत्त झाला तरी अजीजभाईंच्या तोंडातलं ‘साहेब’ काही निवृत्त झालं नाही.

“उतरू की साहेब,” अजीजभाई म्हणाले. “उद्यापासून खेळायला येऊ?”

“खेळायचं नंतर. आधी तयारी.”

पहिल्या आठवड्यात चिमाजीरावांनी ‘सराव आराखडा’ लिहिला. बावीस पानं, स्पायरल बायंडिंग, मुखपृष्ठावर दोघांची नावं आणि पदं. चिमाजीराव ‘प्रमुख, नियोजन व खेळ’. अजीजभाई ‘सहखेळाडू’. कुसुमताईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, “अहो, मी पण येऊ का सकाळी? मलाही बघायचंय जमतं का.”

“ये की. पण आधी हे वाचून घे,” म्हणत त्यांनी आराखड्याची एक प्रत पोळपाटाशेजारी ठेवली.

दुसरा आठवडा व्हिडिओ बघण्यात गेला. चिमाजीराव सोफ्यावर बसून परदेशी खेळाडूंच्या चुका काढत आणि वहीत टिपत. तिसऱ्या आठवड्यात चेंडू आले. चिमाजीरावांनी व्हर्नियर काढून प्रत्येक भोक मोजलं. चोवीसपैकी नऊ चेंडूंची भोकं किंचित लंबगोल निघाली. नऊ चेंडू बाजूला काढले, त्यांवर लाल ठिपका लावला आणि दुकानदाराला पत्र लिहिलं. दुकानदारानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

“साहेब, एकदा खेळून तरी बघूया,” अजीजभाई म्हणाले.

त्यांना तसं वाटणं साहजिक होतं, कारण तीन आठवड्यांत दोघांनी मिळून चेंडूला एकदाही पॅडल लावलं नव्हतं. शेवटी न राहवून त्यांनी भोसरीत चार दिवस खपून चेंडू फेकणारं मशिन बनवलं. लहान मुलांच्या सायकलीची दोन चाकं, दोन जुन्या मोटारी, एक बॅटरी आणि वरून चेंडू सोडायला पाइप. बटण दाबलं की दर तीन सेकंदाला एक चेंडू सणकन जाळीपलीकडे. सोसायटीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

चिमाजीरावांनी हात मागे बांधून मशिनला दोन प्रदक्षिणा घातल्या.

“चेंडू एका जागी पडत नाही, अजीजभाई. वीतभर इकडेतिकडे होतोय.”

“साहेब, समोरचा माणूस पण एका जागी थोडाच मारणार?”

“तो त्याचा प्रश्न. हे मशिन आपलं आहे.”

मशिनवर ‘तपासणी बाकी’ अशी चिठ्ठी लागली. ते क्लबहाउसच्या कोपऱ्यात उभं राहिलं आणि चिमाजीराव रोज सकाळी सात वाजता त्याची नोंद घेऊ लागले. आठ दिवसांत एक गंभीर दोष उघडकीस आला. संध्याकाळी पूर्ण भरलेली बॅटरी सकाळी सातला अर्धी रिकामी असायची. मशिन कोणी चालवत नसताना! त्यांनी पाच वेळा ‘का’ विचारण्याची आपली जुनी पद्धत लावली. बॅटरी का उतरते? गळती आहे म्हणून. गळती का आहे? माल हलका आहे म्हणून. पाचव्या ‘का’ला ते बॅटरी विकणाऱ्याच्या चारित्र्यापर्यंत पोचले. अजीजभाई हे सगळं मान खाली घालून ऐकत. चिमाजीरावांना वाटलं, बिचाऱ्याला स्वतःच्या कामाची लाज वाटते आहे.

याच दिवसांत कुसुमताई आणि अजीजभाईंच्या पत्नी परवीन रोज पहाटे साडेपाचला फिरायला जाऊ लागल्या होत्या. कुसुमताईंनी नवे बूट घेतले. त्यांच्या उजव्या मनगटाला बामाचा वास यायला लागला. एकदा त्या भाजी फोडणीला टाकताना झारा मनगटात असा काही फिरवून गेल्या, की चिमाजीरावांनी वर बघितलं आणि म्हणाले, “तेल उडेल.” त्यापलीकडे त्यांच्या काही लक्षात आलं नाही. एका दाताची झीज शंभर गिअरांतून ओळखणारा हा माणूस.

पाचव्या आठवड्यात दोघं एकदाचे कोर्टावर उतरले. स्पर्धेआधी एकूण चार वेळा खेळले. या खेळात जाळीलगतच्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात आणि तिथे पाय ठेवून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नसतो. पस्तीस वर्षांच्या संसारात चिमाजीरावांनी स्वतःच्या किचनमध्ये पोळ्या तपासण्याखेरीज पाऊल ठेवलं नव्हतं. इथे मात्र पाय तिथून निघता निघेना. दर दुसऱ्या चेंडूला पाय आत. त्याची नोंद त्यांनी ‘कोर्टाची रेषा जाड आहे’ अशी केली.

स्पर्धेच्या दिवशी चौघं अजीजभाईंच्या गाडीतून निघाले. बायका बघायला येताहेत, असं चिमाजीराव धरून चालले होते आणि कुसुमताईंच्या मांडीवरच्या फुगीर पिशवीत डबा आहे, असंही. तळवड्याचा चौक ओलांडेपर्यंत त्यांनी डाव समजावला. अजीजभाई “व्हय साहेब” म्हणत गिअर बदलत राहिले.

गोदामात पोचल्यावर टेबलावर बसलेल्या मुलीनं यादी पुढे केली. “तुमची पुरुष दुहेरी, कोर्ट दोन, आत्ता लगेच. आणि कुसुमताई, परवीन... तुमची महिला दुहेरी अकराला.”

चिमाजीरावांनी यादी उलटसुलट केली. “इथे छपाईची चूक आहे.”

“चूक नाही,” कुसुमताई म्हणाल्या आणि पिशवीतून पॅडल काढलं. “तुम्ही जा आधी. तुमचं नाव पुकारताहेत.”

अशा अवस्थेत चिमाजीराव कोर्टावर गेले. समोर होते चाकणजवळच्या वस्तीवरचे भिमाजी आणि मालोजी, दोघे चुलतभाऊ, दोघांची साठी उलटलेली. भिमाजींच्या गुडघ्याला पट्टा होता आणि मालोजी तर चपला काढून बूट घालायलाच पाच मिनिटं बसले होते. चिमाजीरावांनी अजीजभाईंना डोळ्यानंच सांगितलं, सोपे आहेत.

सामना नऊ मिनिटं चालला. भिमाजी जागचे हलत नव्हते, पण चेंडू नेमका चिमाजीराव नसतील तिथे पडत होता. तीन वेळा पंचांनी किचनमध्ये पाय म्हणून समोरच्यांना गुण दिला. सात-एक असताना चिमाजीरावांनी खेळ थांबवला, पिशवीतून टेप काढली आणि जाळीची उंची मोजायला घेतली. मध्यावर चौतीस इंच हवी. ती चौतीस इंच निघाली.

“जाळी बरोबर हाय, साहेब,” भिमाजी पलीकडून प्रेमानं म्हणाले. “चेंडू तिच्यावरनं मारायचा, एवढंच.”

अकरा-दोन. दोन्ही गुण अजीजभाईंचे होते.

चिमाजीराव घाम पुसत खुर्चीवर येऊन बसले आणि वहीत पराभवाची कारणं लिहू लागले. प्रकाशयोजना, पत्र्याचा उकाडा, सहखेळाडू. चौथं कारण सुचेपर्यंत कोर्ट तीनवर टाळ्या वाजल्या म्हणून त्यांनी मान वर केली.

कुसुमताई खेळत होत्या. समोरून जोरात आलेला चेंडू त्यांनी नुसतं पॅडल पुढे धरून परतवला, जणू तो तिथेच येणार हे त्यांना ठाऊक होतं. पुढचा आणखी जोरात आला. “ताई, मशिनवाला!” परवीन ओरडल्या, आणि दोघी एक पाऊल मागे सरकल्या. चेंडू परत गेला. गुण मिळाला.

चिमाजीरावांचं पेन थांबलं. “बॅटरी,” ते म्हणाले.

अजीजभाई छताकडे बघू लागले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“साहेब, क्लबहाउसची किल्ली मीच दिली,” अजीजभाई हळूच म्हणाले. “बनवलेलं मशिन नुसतं उभं राहिलं की मला घास उतरत नाही. कोणीतरी चालवायला पाहिजे ना.”

दोघींनी पहिला सामना अकरा-चार घेतला, दुसरा अकरा-सात. उपांत्य फेरीत गाठ पडली अंबुबाई आणि सुमनताईंशी. सुमनताई शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून मैदानाएवढा. आता मात्र चिमाजीरावांना राहवेना. ते रेषेपर्यंत आले आणि सूचना देऊ लागले. “कुसुम, कोन! कोन बघ! खांदा खाली! परवीनभाभी, तुमची पोझिशन...”

पाच-पाच असताना परवीन घाम पुसत त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. “भाईजान, एक तर पाण्याच्या बाटल्या धरा, नाहीतर बाहेर जाऊन बसा.”

एकतीस वर्षांत त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी बाटल्या धरल्या.

नऊ-नऊ झालं तेव्हा सुमनताईंनी फटक्यासाठी दंड मागे नेला आणि चेंडू कुसुमताईंच्या पायाशी आला. कुसुमताई गुडघ्यात वाकल्या आणि त्यांनी तो इतका अलगद उचलला, की तो जाळीच्या पट्टीवर क्षणभर रेंगाळून पलीकडच्या किचनमध्ये टपकला. चिमाजीरावांना त्या फटक्याचं नाव माहीत होतं. त्याच्यावर त्यांनी वहीत चार पानं लिहिली होती. तो मारताना त्यांनी आजवर फक्त परदेशी माणसं बघितली होती. नेहमीच्या सवयीनं त्यांनी दोष शोधला. सापडलाही, डाव्या पायात अंतर जरा जास्त होतं. सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण हातांतल्या बाटल्यांकडे नजर गेली आणि ते त्यांची झाकणं सैल करत राहिले.

दुर्दैवानं अंबुबाईंनी तो चेंडूही धावत येऊन परतवला. अकरा-नऊनं दोघी हरल्या. हरून हसत बाहेर आल्या, हे चिमाजीरावांना मुळीच समजलं नाही. हरल्यावर कारणं लिहायची असतात.

परतीच्या वाटेवर तळवड्याचा चौक आला. मग चिमाजीराव मागे वळले. “मला सांगायचं तरी.”

“विचारलं होतं की,” कुसुमताई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, आधी आराखडा वाच. वाचला मी.”

“पूर्ण?”

“पूर्ण. बाराव्या पानावर लिहिलंय, रोज सराव करावा. तेवढं पटलं, म्हणून केलं.”

अजीजभाईंना जोराचा खोकला आला. त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

गाडी पुन्हा सुरू झाल्यावर चिमाजीरावांनी घसा साफ केला आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, “दिवाळीनंतर मिश्र दुहेरी आहे म्हणे. नवरा-बायको चालतात. आपण दोघं...”

“अगंबाई,” कुसुमताई म्हणाल्या. “मघाशी भजी खाताना अजीजभाईंनी विचारलं. मी हो म्हणून बसले.”

चिमाजीरावांनी अजीजभाईंकडे बघितलं. अजीजभाई रस्त्याकडे बघत होते. इतक्या मन लावून गाडी त्यांनी जन्मात चालवली नसेल.

“माझ्या जोडीदाराची जागा रिकामी आहे, भाईजान,” मागून परवीन म्हणाल्या. “पहाटे साडेपाच, बिनचूक. मशिनपुढे रोज दोनशे चेंडू. पण एक अट आहे. कोर्टावर बोलायचं नाही.”

चिमाजीरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आरशातून परवीन त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनी तोंड मिटलं आणि नुसती मान हलवली.

“चांगलं आहे,” परवीन म्हणाल्या. “जमेल तुम्हाला.”