आत्याची कुर्र

"जोरात गं वनमाला! पोराच्या कानात सांगतेयस की चोरून चुगली करतेयस?"

शेजारची द्रौपदी ओरडली, आणि भटवाडीतल्या त्या एका खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या बायकांनी मुठी आवळल्या. भावाच्या मुलाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. नाव सांगून तिने 'कुर्र' केलं, की तिच्या पाठीत बुक्के घालायचा मान बाकी सगळ्यांचा. वनमाला पाळण्यात वाकली.

"चंद्रप्रकाश... कुर्रर्रर्र!"

बुक्के बदाबद पडले. द्रौपदीचे दोन तर नळावरच्या जुन्या भांडणातले होते. वनमाला हसली, पण वाकलेलीच राहिली. सव्वा महिन्याचं पोर टक्क जागं होतं आणि पाळण्यावर टांगलेल्या कापडी चिमण्या बघत होतं. एवढा गलका कानाशी झाला, पण ते दचकलं नाही की त्याने ओठ काढला नाही.

"गुणाचो गो माझो नातू!" जानकीआजी कौतुकाने म्हणाली. "लवूवर गेलो. तोय असोच गप."

वनमालाचा भाऊ लवू गप्प होता हे खरं. पण ज्या घरात जानकीआजी बोलते, त्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच कुठे उरायची? गिरणी सुटल्यापासून तो विक्रोळीच्या एका कंपनीत वॉचमन होता, आणि तिथे तरी गेट त्याचं ऐकत होतं.

वनमाला पालिकेच्या प्रसूतिगृहात अकरा वर्षं आया होती. कुणी मुलगा झाला म्हणून पेढे वाटले, कुणी मुलगी झाली म्हणून बर्फीवर भागवलं आणि कोण मागच्या दाराने तशीच निघून गेली, हे तिला खाटेच्या नंबरासकट पाठ होतं. आणि वॉर्डात स्टीलचा ट्रे आपटला की सगळी बाळं एकदम दोन्ही हात हवेत फेकतात, हेही.

एका बाळाने फेकले नव्हते. तिने सिस्टरना सांगितलं. "तू फरशी पूस," सिस्टर म्हणाल्या. तिने पुसली. तीन वर्षांनी त्याची आई प्रेमा दुसऱ्या बाळंतपणाला आली, तेव्हा तो तिच्याबरोबर होता. आईला हाक मारायची तर तिचा पदर ओढत होता. पोरगा बोलत का नाही, हे प्रेमा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती. वनमालालाही तिने विचारलं. वनमालाने त्या दिवशी तीच फरशी दोनदा पुसली.

पुढच्या तीन महिन्यांत तिने भावाच्या घरी खेपा वाढवल्या. हातून कधी पळी पडायची, कधी डब्याचं झाकण, तेही नेमकं पाळण्यामागे. चौथ्या झाकणाला लवूच्या बायकोने, अनुपमाने, तिचं मनगट धरलं.

"ताई, काय चाललंय तुमचं? माझ्या पोराला नजर लावायला येता का?"

वनमालाला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे हे वाक्य खोलीत जरा जास्तच वेळ राहिलं.

"ऐकू येत नाही गं त्याला," ती म्हणाली.

"काय येना नाय? ह्या बघ!" जानकीआजीने थाळी उचलली आणि बाळाच्या तोंडासमोर धरून उलथन्याने दणकन वाजवली. बाळाने डोळे मिटले. "आयकता मां! म्हणे ऐकू येना नाय!"

"आई, तो थाळी बघून डोळे मिटतोय. मागून वाजव."

आजीने थाळी जागेवर ठेवून दिली. मागून वाजवायची कुणाचीच छाती झाली नाही.

वनमाला चपला शोधायला लागली. तेवढ्यात बाळ कुरकुरलं. अनुपमा पाळण्याशी गेली, आधी त्याचा तळवा दाबला, त्याचे डोळे आपल्याकडे वळेपर्यंत थांबली आणि मगच त्याला उचललं. वनमालाने चप्पल खाली ठेवली.

"पायाला का हात लावलास आधी?"

"असाच."

"अनुपमा."

"नाहीतर दचकतो," अनुपमा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मी आलेली त्याला कळतच नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून." आणि मग ती वनमालाच्याच खांद्यावर रडली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून कान बघितले. "कान स्वच्छ आहेत. तीन वर्षांचा झाला की आणा. मुलगे उशिराच बोलतात."

"साहेब, उशिरा बोलणारे ऐकतात तरी."

"तुम्ही कोण? आजी?"

"आत्या!" वनमाला तडकली. तिला अजून चाळिशी लागायची होती. "एक पोर मी तीन वर्षं वाट बघून घालवलंय, साहेब. कानांच्या संस्थेसाठी चिठ्ठी द्या. तोवर मी इथेच बसते. बसायची सवय नाही मला, पण आज शिकेन म्हणते."

मागची रांग कुरकुरायला लागली. चिठ्ठी मिळाली.

संस्थेतल्या बाईंनी सगळं मागूनच वाजवलं. घंटा, झांज, ढोलकी. फक्त ढोलकीला, तेही अगदी जवळून, पोराचं चोखणं थांबलं. "थोडं उरलंय," बाई म्हणाल्या. "कितव्या महिन्यात आणलंत? पाचव्या? अहो, इथे पाच-पाच वर्षांची येतात. खूप बोला त्याच्याशी. तुमचं तोंड दिसेल असं बोला. दिवसभर."

"त्याची काळजी नको," लवू पहिल्यांदाच बोलला. "घरी आई आहे माझी."

साबणाच्या वडीएवढं ऐकायचं मशीन मिळालं. छातीवर डबी, तिथून कानात वायर. वनमालाने चार झबल्यांना खिसे शिवले. जानकीआजी दोन दिवस रुसून होती. तिसऱ्या दिवशी तिने नातवाला मांडीवर समोरासमोर बसवलं आणि मालवणपासून बोलायला सुरुवात केली.

एका दुपारी पोराला आंघोळ घातली होती, म्हणून मशीन फळीवर होतं. आजीचा डोळा लागला होता. वनमालाने त्याला समोर घेतलं, त्याचा ओला पंजा आपल्या गळ्यावर ठेवून दाबून धरला आणि सावकाश म्हणाली, "चंद्रप्रकाश."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"कुर्रर्रर्र."

पंजाखाली गळा थरथरला. पोराने भुवया उंचावल्या, आपल्या हाताकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं आणि बोळकं उघडून खदखदून हसलं.

मागे अनुपमा कधी येऊन उभी राहिली होती, वनमालाला कळलं नाही. पाठीत एक बुक्का बसला. अगदी हलका. मग ती मूठ उघडली, आणि तो हात तिथेच राहिला.