डब्याचा आवाज

“थांब. डबा दे इकडं.”

संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. मशिनरीच्या गोदामाच्या गेटवर सुटलेल्या कामगारांची रांग लागली होती. हिरालाल सुताराने डबा पुढे केला. दरवान देवरावने आपल्या काठीचं टोक त्यावर दोनदा आपटलं. आवाज आला, ठप्.

देवरावचे कान टवकारले.

पोलादाचा कारखाना उभारायला आलेले रशियन साहेब नकाशे वाचत, देवराव डबे वाचायचा. सकाळी डबा भरलेला आत जातो आणि संध्याकाळी रिकामा बाहेर येतो, हा त्याच्या मते जगाचा नियम होता. रिकामा डबा टणटण वाजतो. जो वाजत नाही त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असतं. याच कानांनी त्याने तीन आठवड्यांपूर्वी बळीरामला पकडलं होतं. वर भात आणि भाताखाली पितळेची जाडजूड तोटी! बळीराम भंडाऱ्याकडचा, म्हणजे देवरावच्याच मुलखातला. “देवरावभाऊ, बायको पोटुशी आहे, आपुन एकाच पाण्याचे,” म्हणत तो पायांशी बसला. “गेटले गाव नसते,” असं देवरावने त्याला सुनावलं. बळीरामचं काम गेलं आणि देवरावची वट वाढली.

त्याने हिरालालचा डबा उघडला. वर डाळ, खाली भात. एक घासही खाल्लेला नाही.

“जेवला नाई?”

“नाही.”

“कावून?”

“भूक नव्हती.”

दिवसभर रंधा मारणाऱ्या माणसाला भूक नाही! देवरावने सरळ चार बोटं भातात खुपसली ती तळाला टेकेपर्यंत. मागची रांग बघत राहिली. तळाशी काही नव्हतं. हिरालालने डबा परत घेतला, चमच्याच्या पाठीने भातातले खड्डे सावकाश सारखे केले, झाकण लावलं आणि विचारलं, “जाऊ?”

तो गेला, पण देवरावचा संशय गेला नाही. उलट वाढला. चोरी सापडली असती तर त्याला झोप लागली असती.

घरी जेवताना त्याने ही हकिकत मोठ्या तोऱ्यात सांगितली. अन्नपूर्णा भाकर थापता थापता थांबली.

“अजी, लोकायच्या अन्नात हात घातला तुमी?”

“डूटी आहे माझी.”

“हात धुतले होते काय तरी?”

देवरावने ताटात मान घातली. हात धुतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठप्. तिसऱ्या दिवशीही ठप्. डिसेंबर अठ्ठावन्नचा तो आठवडा. नाताळचा बडा दिन जवळ आला होता आणि देशी साहेबांच्या क्लबात नुसती धांदल उडाली होती. कागदाच्या साखळ्या, कापसाचा बर्फ, नाचासाठी लाकडी चौथरा, आणि या सगळ्यांवर टांगायला पुरुषभर उंचीचा तारा. ताऱ्याचा रंग लाल की सोनेरी यावर मेमसाहेबांचे दिवसाला तीन तीन निरोप गोदामात येत. निम्मे सुतार तिकडेच जुंपलेले होते. हिरालाल ख्रिस्ती, म्हणून तारा त्याच्याकडे दिलेला. सगळे म्हणत, मजा आहे बुवा याची, सण याचाच. आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून फळ्या तासत होता, दुपारी नळावर पाणी पीत होता आणि भरला डबा घेऊन घरी जात होता.

देवरावला उलगडा झाला. हा गेटला सवय लावून राहिला! रोज भरला डबा न्यायचा, दरवानाला उघडून उघडून कंटाळा आणायचा, आणि बड्या दिवसाच्या गडबडीत सगळ्यांचं लक्ष क्लबाकडे असताना एकदा पितळ भरून न्यायचं. वा रे सुतारा! आपल्या हुशारीवर देवराव इतका खूश झाला की तेवीस तारखेला त्याने शेषराव दरवानाला आपल्या जागी गेटवर बसवलं आणि सायकल काढून हिरालालच्या मागे निघाला.

हिरालालची सायकल घराच्या रस्त्याला वळलीच नाही. तो चरोदा गावाकडे निघाला. देवरावने पायडल जोरात मारलं. म्हणजे माल घेणारा चरोद्यात आहे! रेल्वेच्या यार्डाजवळ रुळांखालच्या जुन्या स्लीपरांच्या आडोशाला पाच-सहा झोपड्या होत्या. हिरालाल शेवटच्या झोपडीपाशी उतरला आणि त्याने दाराची चटई जरा बाजूला सारून डबा आत सरकवला. देवरावने सायकल तशीच आडवी टाकली आणि धावला.

“सापडला ना लेका! कोन आहे आत?”

आत खाटेवर एक बाई अंगावर पोतं ओढून बसली होती. तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं, आठवडाभराचंही नसेल असं मूल. देवरावला पाहताच तिने मुलाला छातीशी धरलं आणि डबा मागे सरकवला. जणू तो डबाही जप्त करायलाच आलेला!

देवरावने तिला ओळखलं. बळीरामची बायको, भागीरथा. काम गेलं त्या दिवशी ती गेटबाहेर उभी होती.

“बळीराम कुठं आहे?” त्याने विचारलं.

“अहिवाऱ्याले गेले. खदानीत गोटे फोडाले,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “पंधरा दिवसांनी येतो म्हनले.”

देवराव बाहेर आला. हिरालाल सायकलला टेकून उभा होता. तो इकडच्या हिंदी मुलखातला, पण तरुणपणी सहा वर्षं नागपूरच्या फर्निचरच्या कारखान्यात काढल्यामुळे त्याला देवरावची बोली चांगली येत होती, फक्त मध्येमध्ये हिंदी घुसे.

“चोराच्या घरी डबा देऊन राहिला तू?” देवराव म्हणाला. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

“चोरी बळीरामने केली भाऊ. बच्चे ने क्या चुराया?”

“आन् तू उपाशी?”

“माझ्या आईचा नेम होता. बड्या दिवसाच्या आधीचा आठवडा दुपारचं जेवण आपलं नाही. ज्याच्या घरी चूल नाही, त्याचं. ती गेली, मी चालवतो.”

उपास देवरावलाही ठाऊक होता. श्रावण सोमवारी तो साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी असा रोजच्यापेक्षा दुप्पट जेवायचा. हा उपास काही वेगळाच दिसत होता.

“क्लबात एवढा तारा लावून राहिले तुमच्या देवासाठी,” तो म्हणाला.

हिरालाल पहिल्यांदाच हसला. “रंग कोनता, दिवे किती, सब पूछते हैं. तो तारा कोनाच्या दारावर थांबला होता, ते कोनी नाही विचारत. आमच्या देवाचे आईबाप परगावचे होते भाऊ. बाईचे दिवस भरले होते. किसी ने जगह नहीं दी. गोठ्यात मूल झालं.” त्याने झोपडीकडे पाहिलं नाही. त्याने सायकल सरळ केली. “परसों मी गावाला जाईन, प्रार्थनेला. एक दिवस डबा नाही येणार. सांगितलंय तिला.”

एवढंच बोलून तो गेला. देवरावला त्याने काही मागितलं नाही, काही सुचवलंही नाही. त्यामुळे देवरावला परतीच्या वाटेवर अधिकच राग आला. हिरालालचा, बळीरामचा, आणि मग कोणाचाच नाही असा. भातात गेलेली ती चार बोटं त्याला आठवत राहिली. ज्या भातात आपण हात घातला तोच त्या बाळंतिणीने खाल्ला. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटण्याची सवय नसल्यामुळे ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

पंचवीस तारखेला पाळी बदलून सकाळी सहाला त्याची ड्यूटी होती. गेटला सुट्टी नसते. अन्नपूर्णा डबा भरत होती.

“वांगं नोको टाकू,” तो म्हणाला.

तिने मान वर केली. “कावून? वांग्याबिगर तर घास उतरत नाई तुमच्या गळ्याखाली.”

“नोको म्हनलं ना. मेथी टाक. आन् भात मऊ ठेव.”

अन्नपूर्णाने त्याच्याकडे असं पाहिलं की गेटवरचा दरवान परवडला. “कोनाची बाळंतीन आहे जी?”

लपवून काही उपयोग नव्हता. “बळीरामची.”

“त्या चोट्ट्याची?” ती फणकारली. “तुमीच पकडलं, आता तुमीच जेवू घालता? डोकं ठिकानावर आहे काय?” तिने डबा आपटत, भांडी आदळत भरला आणि त्याच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. तो उचलून निघाला.

दिवसभर गेटवर शुकशुकाट होता. क्लबाकडून बँडचा आवाज येत होता. दुपारी देवराव नळावर गेला आणि ओंजळीने पाणी प्याला. पोटात कावळे ओरडत होते. या उपासात साबुदाणा नव्हता.

दुपारी दोन वाजता शेषराव पाळी बदलायला आला. देवराव डबा हँडलला अडकवून निघाला तर शेषरावने काठी आडवी धरली.

“थांबा. रूल तुमचाच आहे,” तो हसत म्हणाला आणि डब्यावर काठी आपटली. ठप्. त्याचं हसू मावळलं. “हे काय देवरावजी? भरला डबा? आज सुट्टीचा दिवस, गोदामात कोनी नाई...”

“जेवलो नाई.”

“कावून?”

“भूक नव्हती.”

हे शब्द आपण कुठे ऐकलेत ते देवरावला लगेच आठवलं. शेषरावने झाकण काढलं, मेथी बाजूला केली आणि सरळ चार बोटं भातात घातली. देवराव त्या बोटांकडे बघत राहिला. ती आपल्याच पोटात घुसावीत तसं त्याला झालं. आणि बोटं अडली. तळाशी काहीतरी टणक होतं.

देवराव पुढे वाकला. तिथे काहीच असायला नको होतं.

शेषरावने ते बाहेर ओढलं. पळसाच्या पानात दोऱ्याने बांधलेली पुरचुंडी होती. त्याने दोरा तोडला. आत डिंकाचे दोन लाडू होते, घट्ट वळलेले, अन्नपूर्णाच्या हातचे.

“लाडू?” शेषराव ओशाळून हसला. “भाताखाली लाडू कोन ठेवते जी?”

देवरावने पुरचुंडी त्याच्या हातातून घेतली. त्याने लाडू पुन्हा पानात बांधले आणि होते तिथे ठेवले. मग चमच्याच्या पाठीने भातातले खड्डे सावकाश सारखे केले, झाकण लावलं आणि विचारलं, “जाऊ?”

शेषरावने काठी बाजूला घेतली. देवराव सायकलवर बसला आणि चरोद्याच्या रस्त्याला लागला.