तीनशे बारा घरांच्या तिथी

शेवटचा साधा दिवस सोमवार होता. संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा इनह्ये सोलमधल्या ऑफिसात अजून कामातच होती. जेवलीस का, हे नेहमीचं विचारून झालं. मग ते म्हणाले, "प्यो बाईंच्या दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरवर यादी चुकतेय. काही तारखा बरोबर, काही चूक. मला काही उमगेना."

"बाबा, वीस वर्षांपूर्वी तुम्ही करून दिलेली ती यादी टाकून द्या आता. शुक्रवारी बोलू."

ते बरं म्हणाले आणि पायाच्या नखाबद्दल काहीतरी सांगू लागले. तिनं ते अर्धवट ऐकलं.

गुरुवारी सकाळी शेजाऱ्यांना ते अंथरुणातच गेलेले सापडले. ती बाबांच्या गावी, जॉन्जूला पोचली. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं बोलणं कधी झालं? "काल संध्याकाळी," इनह्ये म्हणाली. भाऊ शेजारीच उभा होता. त्याच्यासमोर दोन दिवस फोन न केल्याचं तिला सांगवेना. डॉक्टरांनी मान हलवली आणि मृत्यूच्या कागदावर गुरुवारची तारीख पडली. अंत्यविधीच्या पुढच्या तीन दिवसांत तीच तारीख सगळीकडे गेली.

महिन्याभरानं ती घर आवरायला आली, तर दुसऱ्याच दिवशी प्यो काकू दारात. त्यांचं तांदळाच्या वड्यांचं दुकान. श्राद्धाला लागणाऱ्या वड्या कोणाच्या घरी कधी हव्यात, याची यादी बाबांनी करून दिलेल्या डेटाबेसमधून निघे. काकू दहा दिवस आधी त्या त्या घरी फोन करत.

"तुझ्या बाबांचा शब्द होता, दुरुस्त करून देतो म्हणून," त्या म्हणाल्या. "मी काही त्यांना धरून आणू शकत नाही आता. तूच चल."

दुकानात वाफेनं काचा धुरकटल्या होत्या. काकूंनी पिठाचे हात पुसत स्टूल पुढे सरकवलं. "हान यांच्या घरी वड्या एक दिवस उशिरा पोचल्या. म्हातारी मला म्हणते, आमचे हे आले, रिकामं ताट बघितलं आणि गेले. आता त्यांना परत बोलावून आण."

"अधिक महिन्याचा घोळ असेल," इनह्ये म्हणाली. सॉफ्टवेअरमधल्या असल्या चुका शोधणं हे तिचं रोजचं कामच. अर्ध्या तासात आटपेल, असं तिला वाटलं.

अधिक महिन्याचा घोळ नव्हता. चांद्र तिथीवरून तारीख काढणारं कोष्टक तिनं ओळ न् ओळ तपासलं, त्यात खोट नव्हती. काकूंनी तोंडपाठ दहा घरं सांगितली. चार बरोबर निघाली, सहा एक दिवस उशिरा. तिनं सगळ्यांतून एक दिवस वजा केला, तर सहा बरोबर आली आणि आधीची चार चुकली. आडनावं लावून पाहिली, गल्ल्या लावून पाहिल्या, नोंद कोणत्या साली झाली तेही पाहिलं. कशाचा कशाशी मेळ नाही. 'खूण' नावाचा एक रकाना होता, पण तीनशे बारा ओळींत तो रिकामा. बाबांनी कधी वापरलाच नसेल म्हणून तिनं तो सोडून दिला. पडद्याकडे बघता बघता तिला आपण काय शोधतोय तेच कळेनासं झालं.

"सोलला पगार देतात ना गं तुला?" काकूंनी विचारलं.

"देतात. का देतात, कळत नाही."

"बघू, हान कधीचं दाखवतोय? ... म्हातारा गेला तोच दिवस. मग चूकच ना. त्यांच्याकडे आदल्या दिवशी करतात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पूर्वी मध्यरात्र उलटली की लगेच ताट वाढायचे. तिथी लागली रे लागली की. तयारी सगळी आदल्या संध्याकाळची. म्हणून लोक म्हणतात, माणूस जिवंत होता त्या शेवटच्या दिवशी करायचं. आता काही घरं तिथीलाच संध्याकाळी उरकतात, सकाळी कामाला जायचं असतं. ज्याचं त्याचं घर. तुझ्या बाबांनी एकेकाला विचारून आदल्या दिवसवाल्यांपुढे खुणेच्या टिकल्या केल्या होत्या."

"कुठे?"

जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांआड होता. तिनं तो जोडला. बराच वेळ घरघरून तो सुरू झाला. 'खूण'च्या रकान्यात एकशे ऐंशीच्या वर टिकल्या होत्या. नव्यावर हलवताना तेवढ्याच गळून पडल्या होत्या. तिनं त्या उचलून नव्या यादीत बसवल्या. दहाच्या दहा घरं बरोबर आली.

बाबांना हे कसं उमगलं नाही, ते मात्र तिला समजेना. टिकल्या त्यांनीच तर केल्या होत्या. मग वाटलं, उमगलंही असेल, मंगळवारी.

काकूंनी गरम वडीचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. "खा. आणि आता बसलीच आहेस तर त्यांचंही नाव घाल. पुढच्या वर्षी पहिलं श्राद्ध. वड्या माझ्याकडून."

इनह्येनं नवी ओळ उघडली. ग्वाक ग्वांगसू. खाली तिथी टाकली, कागदावरच्या गुरुवारची.

"टिकली कर," काकू म्हणाल्या. "ते नेहमी म्हणायचे, आमच्याकडे जिवंत दिवशी. बुधवार ना? तू बोललीस त्यांच्याशी त्या संध्याकाळी. बरं झालं बाई, तेवढं तरी."

तिनं माऊसवरून हात काढून घेतला.

"काकू, मी बुधवारी बोलले नाही त्यांच्याशी. मंगळवारीही नाही. सोमवारी बोलले, तेव्हाही नीट ऐकत नव्हते. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. बाबांचा शेवटचा दिवस कोणता, मला माहीत नाही."